नोकरी सुटते, आजार सुटत नाही

नोकरीचा शेवटचा दिवस जवळ आला की माणूस लॅपटॉप जमा करतो, ओळखपत्र परत देतो, हिशेबाच्या कागदांवर सह्या करतो. पीएफचे काय करायचे, ग्रॅच्युइटी कधी मिळणार, अनुभवाचे पत्र कोण देणार, हे तो आवर्जून विचारतो. मेडिक्लेमचे मात्र बहुधा विचारायचे राहून जाते. बहुतेक कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीतून कर्मचाऱ्याचे नाव शेवटच्या दिवसाबरोबर वगळले जाते. त्याच्याबरोबर पत्नीचे, मुलांचे आणि त्या पॉलिसीत घातलेल्या आईवडिलांचेही नाव जाते. पगार थांबणार याची तयारी घराने केलेली असते. विमा थांबला हे मात्र अनेक घरांना रुग्णालयाच्या काउंटरवर कळते.

वर्षानुवर्षे काम करून माणूस जे विमासंरक्षण मिळवतो, ते त्याची कमाई असते. अनेक कंपन्या नेमणुकीच्या वेळी सीटीसीचा आकडा सांगताना विम्याचा खर्चही त्यात धरतात. मोजताना जो पगाराचा भाग असतो, तो निघताना मालकाची मेहेरबानी कसा ठरतो? नोकरी सुटल्यावर ते संरक्षण माणसाबरोबर गेले पाहिजे, आणि त्याला परवडेल अशा दरात गेले पाहिजे. आज या दोन्ही बाबतींत आपली व्यवस्था अर्धवट आहे.

ग्रुप पॉलिसी इतकी हवीशी का वाटते, ते आधी पाहू. कंपनीत पाचशे माणसे असतील तर विमा कंपनी पाचशे जणांचा धोका एकत्र मोजते. पंचविशीतल्या इंजिनिअरचा आणि पंचावन्नच्या फोरमनचा हिशेब एकाच ताळेबंदात बसतो. त्यामुळे बीपी, शुगर, थायरॉइड अशा आधीपासूनच्या आजारांनाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते, वैद्यकीय तपासणी होत नाही, बाळंतपणाचा खर्चही बऱ्याचदा धरलेला असतो. हाच माणूस एकटा बाजारात गेला की चित्र पालटते. त्याचे वय, वजन, औषधे, जुनी ऑपरेशने सगळे विचारले जाते. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस दावा करता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. २०२४ पर्यंत ही मर्यादा चार वर्षांची होती.

समजा, भोसरीतल्या एका कारखान्यात वीस वर्षे काम केलेल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या सुपरवायझरची नोकरी गेली. त्याला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. काल त्याच्या हृदयाच्या ऑपरेशनचा खर्च विमा कंपनीने दिला असता. उद्या तो नवा ग्राहक म्हणून त्याच कंपनीच्या दारात गेला तर त्याला जास्त हप्ता सांगितला जाईल, तीन वर्षे थांबायला सांगितले जाईल किंवा नकारही मिळेल. त्याच्या शरीरात एका रात्रीत काहीच बदललेले नाही. तरुणपणी, धडधाकट असताना त्याच्या नावाने वीस वर्षे हप्ते भरले गेले, त्यातून फारसे दावे झाले नाहीत, आणि शरीर थकू लागले तेव्हा त्या वीस वर्षांची किंमत शून्य धरली गेली. पीएफ असा शून्य होत नाही. तो कामगाराच्या यूएएन क्रमांकाशी जोडलेला असतो आणि मालक बदलला तरी खाते त्याचेच राहते. आरोग्यविम्याच्या बाबतीत असे का नसावे?

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत ईएसआय योजना प्रत्यक्ष सुरू झाली. वर्गणी पगारातून आणि मालकाकडून घ्यायची, म्हणून योजना कारखान्याला जोडली गेली. पैसे गोळा करण्याची ती सोयीची जागा होती. पण या योजनेच्या रचनेत एक शहाणपण आहे, ज्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. वर्गणीचा काळ आणि लाभाचा काळ यांत तिने मुद्दाम अंतर ठेवले आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून या काळात मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. म्हणजे सप्टेंबरअखेर काम सुटलेल्या कामगाराचा उपचाराचा हक्क पुढच्या जूनपर्यंत टिकतो. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेला कामगार तर महिना १० रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवू शकतो. काम संपले तरी आजारपण संपत नाही, हे तेव्हाच्या योजनाकारांना नीट उमगले होते.

ही व्यवस्था निर्दोष नाही. ईएसआयच्या दवाखान्यांतल्या रांगा, औषधांचा तुटवडा, तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता हा कामगारांचा रोजचा अनुभव आहे. काही महिन्यांची मुदत लांबलेल्या बेकारीला पुरत नाही, हे मुंबईच्या गिरणगावाइतके कोणाला ठाऊक असणार? १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले असंख्य जण पुन्हा खात्यावर परतलेच नाहीत. वर्गणी थांबली की काही महिन्यांनी हक्कही संपतो. शिवाय ईएसआयची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांवर अडकून पडली आहे. पगार त्याच्या थोडा वर गेला की कामगार या योजनेतून बाहेर पडतो आणि मालकाच्या ग्रुप पॉलिसीवर अवलंबून राहतो. तिथे निरोपाच्या दिवसानंतर एका आठवड्याचीही सोय नसते. कमी पगाराच्या कामगाराला कायद्याने दिलेली ही मुदत त्याच्याहून थोडे अधिक मिळवणाऱ्याला नाही, याचे समर्थन कसे करायचे?

सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणला. पुढे खासगी कंपन्या आल्या आणि ग्रुप पॉलिसी नोकरीच्या अटींचा नेहमीचा भाग झाली. ही पॉलिसी म्हणजे मालक आणि विमा कंपनी यांच्यातला एका वर्षाचा करार. कर्मचारी त्यात लाभार्थी असतो, करार करणारा नसतो. त्यामुळे मालकाने विमा कंपनी बदलली, रक्कम कमी केली, आईवडिलांना वगळले, तरी त्याला विचारण्याचे बंधन नसते. वर्षाचा हप्ता साधारणपणे सुरुवातीलाच भरलेला असतो. मध्येच कोणी नोकरी सोडली की उरलेल्या महिन्यांचा हप्ता हिशेबाने मालकाच्या खात्यात परत जमा होतो. ज्या माणसासाठी पैसे भरून झाले होते, त्याच्या सर्वांत नाजूक काळात ते काढून घेतले जातात. मला ही सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते, आणि उपायही याच पैशांत आहे.

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, एक वाट ठेवली आहे. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाता येते. याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षे नव्या पॉलिसीच्या प्रतीक्षेतून वजा होतात आणि पुढे नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या कंपनीकडेही जाता येते. हा हक्क मोलाचा आहे. पण त्याच्या दोन उणिवा आहेत. एक, तो फारसा कोणाला माहीतच नसतो. एचआर विभाग रिलीव्हिंग लेटर देतो, मायग्रेशनचा अर्ज देत नाही. दुसरी, स्थलांतर करताना विमा कंपनी नव्याने आरोग्य तपासून हप्ता वाढवू शकते. म्हणजे दार उघडे आहे, पण आजारी माणसाला उंबरठ्यावर अडवण्याची मुभाही आहे.

याची झळ सगळ्यांना सारखी लागत नाही. तिशीतला निरोगी तरुण दोन महिन्यांत नवी नोकरी धरतो, त्याचे निभावते. मुलाच्या जन्मानंतर किंवा सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी नोकरी सोडणाऱ्या स्त्रीचे काय? तिच्या नावाचा विमा जातो आणि ती नवऱ्याच्या पॉलिसीतली एक ओळ होते. नवऱ्याची नोकरी गेली, किंवा संसारच मोडला, तर तीही ओळ पुसली जाते. दुसऱ्याची सेवा करण्यासाठी जिने काम सोडले, तिच्याच उपचारांची सोय सर्वांत आधी सुटते. मुलाच्या ग्रुप पॉलिसीत असलेल्या सत्तरीच्या वडिलांना नवी पॉलिसी मिळवणे त्याहून अवघड. वयाची मर्यादा आता नियमांनी उठवली आहे, पण हप्ता वयाबरोबर चढतच जातो. आणि अठ्ठावन्नला किंवा साठीला निवृत्त होणाऱ्याचे उत्पन्न जेव्हा घटते, नेमका तेव्हाच त्याचा विम्याचा खर्च आयुष्यातला सर्वाधिक होतो.

यावर कोणी म्हणेल की सरकारी योजना आहेत. आहेत, आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. जुलै २०२३ मध्ये राज्याने ती पांढऱ्या रेशनकार्डासह सर्व कुटुंबांना खुली करण्याचा आणि संरक्षण दीड लाखावरून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. हप्ता नाही, वैद्यकीय तपासणी नाही, जुन्या आजारासाठी थांबणे नाही. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण देते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतचे ५ लाखांचे संरक्षण खुले झाले आहे. नोकरी सुटलेल्या प्रत्येकाने आपले कार्ड आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. पण या योजना ठरावीक उपचारांना आणि अंगीकृत रुग्णालयांनाच लागू असतात. घराजवळचे, आपल्या डॉक्टरांचे रुग्णालय त्या यादीत असेलच असे नाही. योजनेची खाट मिळेपर्यंत आजार थांबेलच असेही नाही. या योजनांनी पायाखाली जमीन दिली आहे, घर अजून बांधायचे आहे.

दुसरा आक्षेप असा की माणसाने तरुणपणीच स्वतःची पॉलिसी घ्यायला हवी होती. ज्याला जमेल त्याने ती जरूर घ्यावी, कारण नोकरीत असतानाच प्रतीक्षेची वर्षे सरतात. पण कंत्राटदाराकडे पंधरा-अठरा हजारांवर राबणाऱ्या, भाडे आणि शाळेची फी भागवताना मेटाकुटीला येणाऱ्या माणसाला दूरदृष्टीचा उपदेश करणे न्यायाचे नाही. त्यातून सरकारच्या धोरणातही विसंगती आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला, ही चांगली गोष्ट झाली. हा कर काढावा म्हणून नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये, नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेच्या निवेदनाच्या आधारे, अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले होते. पण नव्या प्राप्तिकर पद्धतीत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची वजावट मिळत नाही, आणि आज तीच पद्धत सर्वांना आपोआप लागू होते. स्वतःचा विमा काढा असे सांगायचे आणि काढणाऱ्याची सवलतही काढून घ्यायची, हे परस्परविरोधी आहे.

तिसरा आक्षेप विमा कंपन्यांचा आहे आणि तो सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला तपासणीविना जुन्या दरात संरक्षण चालू ठेवण्याचा हक्क दिला, तर निरोगी माणसे पैसे वाचवून निघून जातील आणि आजारी तेवढी थांबतील. मग दावे वाढतील, हप्ते चढतील आणि उरलेले निरोगीही बाहेर पडतील. हा युक्तिवाद खरा आहे. अमेरिकेत त्याचा अनुभव आला आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेतनवाढीवर निर्बंध होते, म्हणून मालकांनी कामगार टिकवण्यासाठी विमा देऊ केला आणि नोकरी व विमा यांची गाठ पक्की बसली. ती गाठ सैल करायला १९८६ मध्ये कोब्रा कायदा आला. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाकडची नोकरी सुटली तर साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो, मात्र हप्ता पूर्ण भरायचा, वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नोकरी गमावलेल्या मराठी कुटुंबांना हे गणित तोंडपाठ असते. काल मालक भरत होता तो मोठा वाटा आज बेकार माणसाने भरायचा. एच-वन-बी व्हिसा असेल तर नवे काम शोधायला साधारण ६० दिवस, आणि त्याच काळात हा भुर्दंड. ज्यांना उपचारांची निकड आहे तेच तो सोसतात. हक्क असून परवडत नसेल तर तो कागदावर राहतो, हा तिथला धडा. तरीही तिथे कायद्याने निदान हक्क मान्य केला आहे आणि मालकावर तो कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. तोच विमा चालू ठेवण्याचा असा हक्क आपल्याकडच्या ग्रुप पॉलिसीत नाही.

म्हणून उपाय असा हवा की निवडीचा प्रश्नच उद्भवू नये. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाचे, निरोगी असो वा आजारी, नाव पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत किंवा किमान तीन महिने आपोआप चालू राहावे. त्याचा हप्ता बहुतेक वेळा आधीच भरलेला असतो, तो मालकाला परत देण्याऐवजी जिथे आहे तिथेच राहू द्यावा. सगळेच राहिले की फक्त आजारी मागे राहण्याचा धोका उरत नाही. पुढे, ज्याने ग्रुपमध्ये सलग तीन वर्षे काढली आहेत, त्याला वैयक्तिक पॉलिसीत जाताना वयानुसार हप्ता लावावा, आजारानुसार लावू नये. तीन वर्षांचा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. आधीपासूनच्या आजारांसाठी नियमाने कमाल प्रतीक्षा तेवढीच आहे, आणि ती या माणसाने भोगून झाली आहे. यातून विमा कंपनीवर जो जादा भार येईल तो सगळ्या ग्रुप पॉलिसींवर थोडा थोडा वाटला जाईल. त्याची किंमत आहे आणि ती लपवू नये. पण आज ती सारी किंमत नोकरी गेलेल्या एकट्या घरावर पडते. ती हजारोंनी वाटून घेणे यालाच तर विमा म्हणतात.

तोवर ज्याची नोकरी सुटणार आहे त्याने काय करावे? नोटीस पिरियड सुरू होताच एचआरला लेखी विचारावे की संरक्षण नेमके कोणत्या तारखेला संपते, विमा कंपनी कोणती आणि पॉलिसी क्रमांक काय. सलग किती वर्षे विमा होता त्याचा दाखला मागावा आणि मायग्रेशनचा अर्ज नोकरी सुटण्यापूर्वीच पाठवावा. एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये, कारण खंड पडला की जमवलेली वर्षे हातची जाण्याचा धोका असतो. मोठी पॉलिसी परवडत नसेल तर छोटी मूळ पॉलिसी घेऊन तिच्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारी जोडपॉलिसी, घ्यावी, ती तुलनेने स्वस्त पडते. एप्रिल २०२० पासून आलेली ‘आरोग्य संजीवनी’ सर्व कंपन्यांकडे सारख्याच अटींची असते, म्हणून तिच्यात फक्त हप्त्याची आणि सेवेची तुलना करावी लागते. तिच्यात प्रत्येक दाव्याचे पाच टक्के आपण भरायचे असतात आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा असते, हे ध्यानात ठेवावे. आजार लपवू नयेत. खरे सांगितल्याने हप्ता वाढेल, पण लपवल्याने ऐन वेळी दावा फेटाळला जाईल. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज जुन्या माहितीवर बोट ठेवून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत अटी पटल्या नाहीत तर ती परत करता येते. आणि दावा अन्यायाने नाकारला गेला तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे वकील लागत नाही, शुल्क लागत नाही.

मात्र हे सारे एकेका घराने एकट्याने करायचे आणि जे चुकतील त्यांनी भोगायचे, ही व्यवस्था म्हणून पुरेशी नाही. ज्या मागण्या वर मांडल्या, त्यांना नवी खर्चिक योजना लागत नाही. निरोपाच्या कागदांबरोबर विम्याचा दाखला आणि मायग्रेशनचा अर्ज देणे, तीन महिन्यांची मुदत देणे, तीन वर्षांनंतर आजाराऐवजी वय पाहणे, यांतले बरेचसे नियामकाच्या अधिकारातले आहे. ईएसआयमधून वेतनमर्यादेमुळे बाहेर पडणाऱ्याला स्वतः वर्गणी भरून आत राहू देणे, हे सरकारने मनावर घेतले तर होण्यासारखे आहे. कामगार संघटना दर वेतनकराराच्या वेळी पगारवाढीसाठी, बोनससाठी, कॅन्टीनसाठी भांडतात. पुढच्या करारात एक कलम वाढवावे: नोकरी संपल्यावर विमा किती काळ आणि कोणाच्या खर्चाने चालू राहील. आयटी आणि सेवा क्षेत्रांत, जिथे संघटना नाही, तिथे हाच प्रश्न प्रत्येकाने रुजू होण्याआधी, ऑफर लेटरवर सही करताना विचारावा. पुरेशी माणसे विचारू लागली की कंपन्यांना उत्तर तयार ठेवावे लागेल, आणि ज्या कंपनीकडे चांगले उत्तर असेल तिथे माणसे टिकतील.